एच. पायलोरीची तपासणी आणि सकाळची ती एक गोळी

हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्या आमच्या लॅबच्या बऱ्याच ग्राहकांना डॉक्टर एच. पायलोरीची तपासणी लिहून देतात. हा जंतू जठराच्या अस्तरात घर करतो आणि अल्सर करतो. हिपॅटायटिसमुळे पुढे सिऱ्होसिस (लिव्हर कडक होणं) झालेल्यांचे प्लेटलेट बहुधा कमी असतात, रक्त गोठायला वेळ लागतो. त्यात अल्सरमधून रक्त जाऊ लागलं तर ते आवरणं कठीण, म्हणून ही तपासणी.

काउंटरवर आम्ही विचारतो, "औषधं काय चालू आहेत?" उत्तर ठरलेलं: "बीपीची, बाकी काही नाही." शौचाच्या नमुन्याची डबी आत जाते आणि मग पिशवीतून पँटोप्राझोलची पट्टी डोकावते. मागे एक काका म्हणाले, "ती होय? ती काय औषधात धरायची?"

काका, तीच आधी धरायची. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी जठरातले जंतू कमी होतात, पण जात नाहीत. मग शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत ते सापडत नाहीत. रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि जंतू पोटात तसेच. (गोळी चालू असताना 'पॉझिटिव्ह' आला तर तो सहसा खराच असतो. फसवतो तो निगेटिव्ह.) म्हणून तपासणीआधी या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं. उपचारानंतर जंतू गेला का, हे पाहायलाही कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबा.

बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच. अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांवर नुकतीच बँडिंग (रबरी रिंग लावून शीर बांधणं) झाली असेल किंवा आधी रक्ताची उलटी झाली असेल, तर स्वतःहून काहीही थांबवू नका. आणि उलटा घोटाळाही होतो: "गोळ्या बंद" ऐकून हिपॅटायटिस बीची रोजची गोळी, टेनोफोविर किंवा एंटेकाविरच बंद! ती एक दिवसही चुकवायची नाही. अचानक सोडली की विषाणू उसळतो आणि लिव्हरला सूज येते.

"रक्तातूनच बघा ना, पटकन होतं," असंही लोक म्हणतात. रक्तातली अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन) जंतू गेल्यावरही महिनोन्‌महिने राहते, त्यामुळे आज जंतू आहे की नाही ते त्यातून कळत नाही. आम्ही ती तपासणी सुचवत नाही. पैसे घेऊन रिपोर्ट हातात देणं आम्हालाही सोपंच आहे. पण तुम्हाला परत पाठवलं की आमच्यावर नाराज होता, आणि चुकीचा रिपोर्ट दिला की डॉक्टर नाराज होतात. त्यापेक्षा तुमची नाराजी परवडली.

येण्याआधी औषधांच्या पट्ट्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. कुठल्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारायचं ते आम्ही सांगतो, याचे पैसे घेत नाही. डबी घरी पोचवतो, नमुनाही घरून नेतो. नमुन्यात लघवी मिसळू देऊ नका, आणि तो त्याच दिवशी द्या.

शौचाला डांबरासारखं काळं झालं तर आमच्याकडे येऊ नका, थेट इस्पितळात जा.