विषुववृत्तावर उडत जाणारा लाँचपॅड

गॅमा किरणांचे स्फोट टिपणारी ‘स्विफ्ट’ ही अवकाशदुर्बीण २००४ पासून पृथ्वीभोवती फिरते आहे. कक्षा उंचावायला तिच्याकडे स्वतःचं इंजिन नाही आणि सूर्याच्या वाढत्या सक्रियतेमुळे वरचं विरळ वातावरण फुगून ती खाली येत चालली आहे. तिला पुन्हा वर ढकलणाऱ्या यंत्रमानवी यानासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये निवड झाली ती विमानाच्या पोटाखालून सुटणाऱ्या ‘पेगासस’ची, म्हणजे २०२१ नंतर उडालंच नव्हतं अशा रॉकेटाची.

यामागचं कारण समजायला १९७० मध्ये जावं लागतं. १२ डिसेंबरला, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, तिथल्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभ्या केलेल्या सान मार्को फलाटावरून क्ष-किरण खगोलशास्त्रासाठीचा पहिला उपग्रह सुटला. स्वाहिलीत स्वातंत्र्य म्हणजे उहुरू, तेच त्याचं नाव. विषुववृत्तच हवं होतं, कारण दक्षिण अटलांटिकवर भारित कणांचा पट्टा बराच खाली उतरलेला असतो आणि त्यातून जाताना क्ष-किरणांचे शोधक आंधळे होतात. विषुववृत्ताला धरून फिरणारा उपग्रह त्यातून बराचसा वाचतो. आपला ‘ॲस्ट्रोसॅट’ हा खगोल-उपग्रह २०१५ मध्ये विषुववृत्ताशी जेमतेम ६ अंशांनी कललेल्या कक्षेत ठेवला तो याचसाठी.

पेगासस पहिल्यांदा सुटलं ५ एप्रिल १९९० रोजी, बी-५२ बॉम्बरच्या पंखाखालून. पुढे ते बनवणाऱ्या ऑर्बिटल सायन्सेस कंपनीने ‘स्टारगेझर’ नावाचं प्रवासी बनावटीचं एल-१०११ विमान वापरात आणलं. सुमारे १२ किलोमीटर उंचीवर तेवीस टनांचं रॉकेट सोडलं जातं. पाच सेकंद ते नुसतं कोसळत असतं, मग पहिला टप्पा पेटतो आणि त्रिकोणी पंखाच्या आधाराने ते नाक वर करतं. विमानामुळे वेगाची मोठी बचत होते असा समज आहे. पण विमानाचा वेग सेकंदाला जेमतेम पाव किलोमीटर, आणि कक्षेसाठी लागतात साडेसात. माझ्या मते खरा लाभ जागेचा आहे: लाँचपॅडच उचलून विषुववृत्ताजवळ नेता येतो.

वाट सरळ नव्हती. नोव्हेंबर १९९६ मध्ये गॅमा स्फोट शोधायला निघालेला ‘हेटे’ कक्षेत पोचला, पण तिसऱ्या टप्प्याची बॅटरी दगावल्याने रॉकेटापासून सुटलाच नाही. डब्यात अडकलेल्या त्या उपग्रहाला ऊन मिळेना आणि तो तिथेच संपला. त्याच्या जागी आलेला ‘हेटे-२’ ऑक्टोबर २००० मध्ये प्रशांत महासागरातल्या, विषुववृत्ताजवळच्या क्वाजालीन बेटाजवळून पेगाससनेच गेला आणि यशस्वी झाला. जून २०१२ मध्ये तिथूनच ‘नूस्टार’ ही क्ष-किरण दुर्बीण ६ अंशांच्या कक्षेत गेली. रॉकेटाच्या अरुंद टोपणात मावावी म्हणून तिचा १० मीटरचा दांडा घडी घालून ठेवला होता. वर गेल्यावर तो उलगडला.

‘आयएक्सपीई’ ही क्ष-किरण दुर्बीणसुद्धा पेगाससच्याच मापाने आखली होती. पण डिसेंबर २०२१ मध्ये ती फ्लोरिडातून फाल्कन ९ ने गेली. त्या थोराड रॉकेटाकडे इतकी ताकद शिल्लक होती की त्याने कक्षा वळवून थेट विषुववृत्तावर आणली.

स्विफ्टची कक्षा विषुववृत्ताशी २०.६ अंशांनी कललेली आहे आणि फ्लोरिडाचा तळ २८.५ अक्षांशावर. तळाच्या अक्षांशापेक्षा कमी कललेली कक्षा हवी असेल, तर रॉकेटाला वाटेत वळावं लागतं. तिथून उडणाऱ्या छोट्या रॉकेटाला एवढं वळण झेपत नाही. स्टारगेझर मात्र पेगाससला घेऊन आधीच दक्षिणेला जाऊ शकतं.