गोव्यातली सेंद्रिय परसबाग

घराच्या मागे नाहीतर बाजूला, विहिरीच्या किंवा न्हाणीच्या पाण्यावर घरापुरती भाजी करायची जागा म्हणजे पोरसू, आणि गोव्यात अजूनही गावागावात ते दिसतं. रासायनिक खत-औषध न वापरता ते बारा महिने चालू ठेवायचं तर निम्म्याहून जास्त कष्ट मातीवर घ्यावे लागतात, कारण इथला पाऊस मातीतलं सत्व धुऊन नेतो आणि ते दरवर्षी परत भरावं लागतं.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. जमीन बरीचशी जांभ्याची, तांबडी, आणि इतक्या पाण्यात तिच्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश वाहून जातं म्हणून ती आम्लधर्मी होते, पीएच बऱ्याच ठिकाणी ५ ते ६ च्या आसपास. अशा मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, म्हणजे खत घातलं तरी ते मुळांना मिळत नाही, आणि लोक म्हणतात की शेणखत घालूनसुद्धा झाड वाढत नाही. उपाय म्हणजे चुना किंवा डोलोमाइट, पण माती तपासूनच, अंदाजाने नको. जुने गोवे इथे एला गावात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, माती तपासणीची चौकशी तिथे नाहीतर आपल्या तालुक्याच्या कृषी ऑफिसात करता येते. चुना लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळायचा, आणि शेणखताबरोबर त्याच दिवशी कधीच नाही, नाहीतर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. चुलीच्या राखेलाही हाच नियम. खाजनाजवळची (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीजवळची) जमीन मात्र वेगळी, तिथे मिठाचा प्रश्न असतो, तिला हा हिशोब लावू नये.

सेंद्रिय माल तर दारातच पडलेला असतो. काजू, फणस, आंब्याचा पाचोळा मार्च ते मे महिन्यात गोळा करून पेटवून देतात, हे खरंच थांबायला हवं, राखेत थोडं पोटॅश उरतं पण नत्र आणि कर्ब धूर होऊन जातो. काजूची पानं चिवट, नुसता ढीग करून ठेवला तर लवकर कुजत नाहीत, म्हणून ती तुडवून बारीक करायची आणि मध्ये मध्ये गिरिपुष्पाच्या ओल्या फांद्या व शेणकाल्याचे थर द्यायचे. पावसात ढिगावर झावळ्यांचं किंवा पत्र्याचं छप्पर पाहिजेच, उघडा राहिला की हवा कोंडून घाण वास सुटतो आणि चांगला अर्क ओघळून गटारात जातो. तयार खत चौरस मीटरला दोन-अडीच किलो पुरतं.

पावसाळ्यात उंच वाफे करायचे, पाणी तुंबलं की मुळं कुजतात. जूनमध्ये मांडवावर काकडी, दोडकं, कारलं, पडवळ आणि खाली भेंडी. सांत इस्तेव गावची सात शिरांची भेंडी प्रसिद्ध आहेच. चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या चौकटीला, बांधायच्या काकड्या, दोडकी घरच्या मांडवावरची असली की त्याचा आनंद काही वेगळाच, आणि सगळा मांडव त्या बेतानेच धरायचा असतो. माती मात्र उघडी ठेवायची नाही, पाचोळ्याचं आच्छादन घालायचं.

भातकापणी झाली की नोव्हेंबरपासून खरा भाजीचा मोसम. तांबडी भाजी (तांबडा माठ), मुळा, नवलकोल, वांगी, मिरची, आळसांदे (चवळीचा प्रकार) सगळं येतं, तांबडी भाजी तर महिन्याभरात काढायला होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात याच दिवसांत गावठी भाजीच्या जुड्या घेऊन बायका बसतात. एप्रिल-मे विहिरीच्या पाण्यावर अवलंबून, जमेल तेवढंच करावं आणि मोकळ्या वाफ्यात पहिल्या सरीबरोबर हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा टाकून फुलायच्या आधी मातीत गाडावा.

वांगी-टोमॅटोवरची मर हा मोठा शत्रू. हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत मान टाकतं, पाणी घातलं तरी उठत नाही. खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरलं आणि कापातून दुधासारखी धार खाली उतरली तर तो जिवाणूजन्य मर रोग समजायचा. फवारणीने तो जात नाही; झाड मुळासकट उपटून बाहेर न्यायचं, कंपोस्टमध्ये टाकायचं नाही, आणि त्या वाफ्यात पुढची काही वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो न लावता मका किंवा भात घ्यायचा. प्रतिकारक जात मिळाली तर तीच लावावी, आणि रोपं आणताना बाहेरची माती घरात येणार नाही एवढं बघावं.

बियाणं घरचं धरावं. दोडकं वेलीवरच सुकू द्यायचं, हलवल्यावर आतलं बी खुळखुळलं की काढायचं. वांगं पिवळं पडेपर्यंत झाडावर ठेवायचं. भेंडीचं बी धरायचं असेल तर जवळपास दुसरी जात नको, नाहीतर पुढच्या वर्षी सात शिरा दिसतीलच असं नाही, आणि हायब्रीडचं बी तर धरूच नये.