खांदा चोळून घेण्याआधी

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात खांदा धरून येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं साधंच असतं. पन्नाशीचा, त्यात मधुमेह असलेला माणूस शर्टाच्या बाहीत हात घालताना कळवळला, की तो बहुधा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. महिने जातात, पण खांदा सुटतो. हाडाचा कॅन्सर क्वचितच निघतो. क्वचित म्हणूनच तो कुणाच्या मनात येत नाही, आणि मुरगळ समजून चोळला जातो.

आठवी-नववीतलं मूल डोळ्यांसमोर आणा. बॉलिंग करताना खांदा धरला, असं घरचे सांगतात. आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप होतो, मग कुणीतरी हात ओढून ‘बसवून’ देतो. दोन महिन्यांनी खेळ बंद आहे, तरी मूल रात्री दोन वाजता दंड धरून उठून बसतं. या वयात, साधारण १० ते २० वर्षांत, ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर होऊ शकतो. हाडं झपाट्याने वाढतात तिथे तो जास्त दिसतो: आधी गुडघ्याजवळ, त्याखालोखाल दंडाच्या हाडाच्या खांद्याकडच्या टोकाला. बॉल लागल्याने किंवा पडल्याने तो होत नाही. माराच्या निमित्ताने तिथे लक्ष जातं, इतकंच. ईविंग सार्कोमा हा हाडाचा दुसरा कॅन्सर खवाट्याच्या हाडातही होतो आणि सोबत ताप असला, की जंतुसंसर्ग वाटतो.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. चाळिशीनंतर हाडात सापडणारा कॅन्सर बहुतेक वेळा दुसरीकडून आलेला असतो: स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड, प्रोस्टेट. म्हणून पूर्वी कॅन्सरचे उपचार झाले असतील, तर पहिल्याच भेटीत सांगा. ‘दहा वर्षं झाली त्याला’ म्हणून बायका हे हमखास गाळतात.

रात्री दुखतं म्हणजे कॅन्सर, असं मुळीच नाही. फ्रोझन शोल्डरही रात्री छळतो, विशेषतः त्या कुशीवर वळलं की. पण कूस बदला, हात उशीवर ठेवा, तरी ठणका आठवड्यागणिक वाढतोय, हाडाला लागून घट्ट गाठ लागतेय, किंवा बादली उचलण्याइतक्या जोराने दंडाचं हाड मोडलं, तर आम्ही हात लावणार नाही. आधी एक्स-रे. तोही नुसता सांध्याचा नको, दंडाचं हाड कोपरापर्यंत दिसेल असा मागा. खांद्याच्या फिल्ममध्ये अर्धा दंड बाहेरच राहतो. एक्स-रेत काही दिसलं तरी घाबरून जाऊ नका, मुलांच्या दंडात पाण्याची साधी गाठ बऱ्याचदा सापडते. तिला कॅन्सर म्हणत नाहीत.

शंका राहिली तर एमआरआय आणि मग बायोप्सी, म्हणजे सुईने काढलेला तुकडा. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे आम्ही रोज ऐकतो. त्या भीतीने बायोप्सी टाळू नका. मात्र सुई कुठून जाते याला फार महत्त्व आहे, कारण मोठ्या ऑपरेशनच्या वेळी ती वाटही काढून टाकावी लागते. म्हणून जिथे ऑपरेशन व्हायचं, तिथल्याच सर्जनच्या सल्ल्याने बायोप्सी करा. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून कॅन्सरचंच काम करतंय.

ऑस्टिओसार्कोमात आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. केमो नव्हती तेव्हा हात कापूनही पाचांतला एखादाच वाचत असे. आज आजार पसरण्याआधी सापडला तर दहांतले सहा-सात पाच वर्षांनंतरही जगतात. हातही बहुतेकांचा वाचतो: खराब हाड काढून तिथे धातूचा सांधा बसवतात. मनगट, बोटं, कोपर चालतात. लिहिता येतं, घास तोंडापर्यंत जातो, भाकरी थापता येते. फळीवरचा डबा मात्र बहुधा दुसऱ्या हातानेच काढावा लागतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर माणूस आमच्याकडे येऊन हात वर जात नाही म्हणून रडतो. जे उरतं ते बळकट करणं, हेच आमचं काम.

खर्चाबद्दल: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, भेटतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवा.

आमच्याकडे येताना जुन्या फिल्म आणि रिपोर्ट, कितीही जुने असोत, पिशवीत घालून आणा.