मोटारहोमने चांदोली राष्ट्रीय उद्यानाला जाताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे मोटारहोमची, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीची, चौकशी करणाऱ्या कोल्हापूरच्या अनेक कुटुंबांना पहिली सहल चांदोलीची हवी असते. गाडी थेट जंगलात न्यावी, पाण्याच्या कडेला लावावी आणि रात्री तिथेच मुक्काम करावा, अशी त्यांची अपेक्षा असते. तसे करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय प्रवेशही करता येत नाही आणि राहताही येत नाही. शिवाय आमची गाडी फाटकाच्या आत न्यायची नाही, हा आमचा स्वतःचा नियम आहे. मोटारहोम फाटकाबाहेरच्या गावात उभी राहील, आपण तिच्यात स्वयंपाक कराल, झोपाल आणि सकाळी वन विभागाच्या व्यवस्थेप्रमाणे, परवानगी असलेल्या वाहनातून जंगलात जाल. हे मान्य असेल तरच आगाऊ रक्कम भरावी, अशी विनंती आहे.

उद्यानाविषयी

चांदोलीला 1985 मध्ये अभयारण्याचा आणि 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमांवर पसरलेले हे सुमारे 317 चौरस किलोमीटरचे जंगल आता कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटातील जी ठिकाणे जागतिक वारसा यादीत आली त्यांत त्याचा समावेश आहे. व्याघ्र प्रकल्प म्हटले की ताडोबासारखे वाघदर्शन डोळ्यांसमोर येते. येथे ती अपेक्षा ठेवू नये. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचे हे दाट जंगल आहे, आणि त्यात जनावर दहा पावलांवर असूनही दिसत नाही. गवा, सांबर, भेकर, शेकरू यांपैकी काही दिसले तर सकाळ सार्थकी लागली असे समजावे. आमच्या मते चांदोलीचे खरे वैभव म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे सडे, म्हणजे खडकाळ पठारे, आणि त्यांना लागून एकाएकी सुरू होणारी गर्द झाडी. वारणा नदीवरील चांदोली धरणामुळे आणि उद्यानामुळे येथली अनेक गावे उठली, त्या लोकांचे पुनर्वसन दूरवर झाले. म्हणून जंगलात एखादे जुने देऊळ किंवा पडकी जोती दिसली तर तेथील दगड हलवू नयेत.

रस्ता आणि वेळ

सरूड-कोकरूड मार्गे जाणारा रस्ता कोल्हापूरकरांच्या सवयीचा असला तरी मोटारहोम आम्ही महामार्गाने पेठ नाक्यापर्यंत आणि तेथून शिराळा, कोकरूड, चरण, आरळा, मणदूर अशी नेतो. गाडीची उंची सुमारे तीन मीटर असल्यामुळे गावच्या कमानी, खाली आलेल्या विजेच्या तारा आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्या यांचा विचार प्रत्येक वळणावर करावा लागतो, आणि तो विचार मोठ्या रस्त्यावर कमी करावा लागतो. डिझेल महामार्गावरच भरून घेतले जाते.

गाडीसोबत आमचा चालक असतो. अंधार पडल्यावर तो गाडी चालवणार नाही, यासाठी त्याला आग्रह करू नये. ऊसतोडीच्या हंगामात या पट्ट्यातील रस्त्यांवर उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात, त्यांतील कित्येकांना मागे दिवा नसतो. तिन्हीसांजेला गवेही रस्ता ओलांडतात, आणि पूर्ण वाढलेल्या गव्याचे वजन हजार किलोच्या आसपास जाऊ शकते. उतारावर चालक खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरतो, कारण एवढे वजन केवळ ब्रेकवर रोखत राहिले तर ब्रेक तापून निकामी होतात. अरुंद चढावर समोरून वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट देणे हा वाहतुकीचा नियमच आहे. या कारणांनी वेळ लागतो, म्हणून कोल्हापुरातून सकाळी लवकर निघून दुपारी मुक्कामी पोहोचणे उत्तम. चालकाच्या झोपण्याची सोय मुक्कामाच्या शेतकऱ्याकडे केलेली असते. त्याचे जेवण मात्र आपल्यासोबत असावे.

मुक्काम

गाडी आधी ठरवलेल्या खासगी अंगणातच लावली जाते. चालक जमीन सपाट पाहून, चाकांना उटी (अडसर) लावून गाडी स्थिर करतो. तोवर लहान मुलांना गाडीपासून दूर ठेवावे. रात्री जनरेटर चालवला जात नाही. दिवे, पंखे आणि छोटा फ्रीज बॅटरीवर चालतात, पण इस्त्री किंवा विजेची शेगडी चालणार नाही. ध्वनिवर्धक आणू नयेत.

स्वयंपाकाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. तांबडा-पांढरा रस्सा आपल्या सहलीत हवाच, हे आम्हीही कोल्हापूरचे असल्याने जाणतो. तरी मटण घरूनच शिजवून आणावे आणि गाडीत केवळ गरम करावे. तासन्‌तास शेगडी पेटती ठेवल्यास बंदिस्त जागेत ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, ज्याला वास नसतो. शेगडी चालू असताना खिडकी आणि छतावरचा झरोका उघडा ठेवावा, आणि झोपण्यापूर्वी व गाडी निघण्यापूर्वी सिलिंडरची झडप बंद करावी. हाडे आणि उरलेले अन्न बाहेर टाकल्यास आधी गावातील कुत्री आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येण्याची शक्यता असते, म्हणून सर्व खरकटे झाकणाच्या डब्यात ठेवून परत आणावे.

सांडपाणी

या एका बाबतीत आम्ही कोणतीही सवलत देत नाही. गाडीत धुण्याच्या पाण्याची एक आणि शौचालयाची एक अशा दोन बंद टाक्या आहेत, आणि शौचालयाच्या टाकीत रसायन असते. तिचे झाकण ओढ्यात, शेतात किंवा धरणाच्या कडेला उघडणे हा अपराध आहे. या धरणाच्या वसंतसागर जलाशयाची क्षमता 34 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर आहे; तेथून सुटलेले वारणेचे पाणी दोन्ही काठांवरची गावे पितात आणि पुढे हरिपूरला ते कृष्णेला मिळते. दोन्ही टाक्या कोल्हापुरात परत आल्यावर आम्हीच रिकाम्या करतो. त्या वेळेपूर्वी भरू नयेत म्हणून भांडी आधी कागदाने पुसून मग धुवावीत आणि आंघोळ बादलीने, मुक्कामाच्या ठिकाणच्या न्हाणीघरात करावी.

हंगाम आणि कागदपत्रे

पावसाळ्यात, साधारणपणे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उद्यान पर्यटनासाठी बंद असते आणि त्या काळात आम्ही या मार्गाची नोंदणी घेत नाही. दिवाळीच्या सुमारास जंगल हिरवे असते, पण सावलीत जळवा असतात, तेव्हा पायमोजे लांब असावेत. डिसेंबर-जानेवारीत रात्री बरीच थंडी पडते, अंथरुणासोबत घरची एक जाड चादर आणावी. मार्च ते मे या काळात पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते. त्याच काळात सुक्या गवताला वणवा लागतो, त्यामुळे शेकोटी आणि धूम्रपान यांना गाडीभोवतीही मनाई आहे.

प्रवेशाच्या वेळा, सुट्टीचा वार आणि शुल्क वन विभाग ठरवतो व त्यांत बदल होतात. नोंदणी पक्की करण्यापूर्वी त्या दिवसांची स्थिती आम्ही विचारून आपल्याला कळवू. प्रत्येक प्रौढ व्यक्तीने छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. तिकडे मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही, म्हणून मुक्कामाच्या घराचा पत्ता आणि आमचा क्रमांक कागदावर लिहून घरच्यांकडे देऊन निघावे.