गुणांमधली तफावत येते कुठून?

शाळेत मुली मुलांच्या पुढे निघाल्या, ही गेल्या वीस-तीस वर्षांतली घडामोड आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९१४ ते २०११ या काळातल्या, अनेक देशांमधल्या शेकडो अभ्यासांतली आकडेवारी एकत्र करून केलेलं एक विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झालं. शिक्षकांनी वर्गात दिलेल्या गुणांमध्ये मुली जवळजवळ शतकभर थोड्या पुढेच होत्या, गणितातसुद्धा, आणि ही आघाडी काळाबरोबर फारशी वाढली वा घटलीही नव्हती, असं त्यातून दिसलं. मग ‘मुलींना अभ्यास झेपत नाही’ हा समज एवढी वर्षं कशावर टिकला? गुणपत्रिकांवर तर नक्कीच नाही.

त्याला आधार पुरवणारे लोक प्रतिष्ठित होते. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ साली एका पुस्तकात मांडलं की शरीरातली शक्ती मर्यादित असते. मुलींनी ती मुलांसारखा अभ्यास करण्यात खर्च केली तर त्यांच्या प्रजननसंस्थेची वाढ खुंटते. पुस्तक प्रचंड गाजलं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्याला उत्तर दिलं डॉ. मेरी पुटनम जेकोबी यांनी. पाळीच्या दिवसांत विश्रांतीची गरज किती, याबद्दल त्यांनी स्त्रियांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, नाडी आणि स्नायूंची ताकद मोजली, आणि क्लार्क यांच्या दाव्याला पुरावा नाही हे दाखवून दिलं. त्यांच्या या निबंधाला १८७६ साली खुद्द हार्वर्डचं बॉयल्स्टन पारितोषिक मिळालं. निबंध निनावी पाठवायचा असे, त्यामुळे तो बाईंनी लिहिलाय हे परीक्षकांना कळायला मार्ग नव्हता.

केंब्रिजमधली १८९० सालची गोष्ट तर मला फार महत्त्वाची वाटते. तिथे गणिताच्या परीक्षेचा निकाल सेनेट हाउसमध्ये क्रमवार मोठ्याने वाचला जाई, आणि पहिल्या आलेल्याला ‘सीनियर रँग्लर’ म्हणत. मुलींना परीक्षेला बसू देत, पण त्यांची यादी वेगळी. मुलांच्या यादीत त्यांचा क्रमांक कुठे बसला असता, एवढंच सांगितलं जाई. त्या वर्षी मुलींची यादी सुरू झाली ती फिलिपा फॉसेट या नावाने, आणि पुढे शब्द आले: ‘सीनियर रँग्लरच्या वर’. म्हणजे साऱ्या विद्यापीठात सर्वाधिक गुण तिचे होते. पदवी मात्र तिला मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या द्यायला १९४८ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी फिलिपा वारली.

म्हणून तफावतीचा इतिहास बघताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: मुलांना आणि मुलींना काय येत होतं, आणि जे येत होतं त्याची नोंद कशी झाली. ही गल्लत विसाव्या शतकातही संपली नाही. १९४४ च्या कायद्यानंतर ब्रिटनमध्ये अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन निवडक मुलामुलींना ‘ग्रामर स्कूल’मध्ये, म्हणजे अभ्यासात हुशार ठरलेल्यांसाठीच्या माध्यमिक शाळांत, पाठवलं जाऊ लागलं. या परीक्षेत मुली सरस ठरत. तेव्हा अनेक भागांत मुलींसाठी उत्तीर्णतेची रेषा वर ठेवली गेली. कारण काय, तर मुली लवकर परिपक्व होतात, मुलगे मागाहून गाठतात! बर्मिंगहॅममध्ये अशा शाळांत मुलांसाठी ५४० जागा होत्या आणि मुलींसाठी ३६०. हा भेदभाव बेकायदेशीर आहे, हे तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं ते थेट १९८९ साली. आणि हे जुन्या जमान्यातलं म्हणावं, तर टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीने प्रवेशपरीक्षेत मुलींचे गुण वर्षानुवर्षं गुपचूप कमी केल्याचं उघडकीस आलं २०१८ मध्ये. बायका बाळंतपणानंतर काम सोडतात, हे त्यामागचं समर्थन. पुढच्या वर्षी लबाडी थांबली आणि मुलींचं उत्तीर्णतेचं प्रमाण मुलांपेक्षा किंचित वरच गेलं.

गणिताचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, महाविद्यालयीन प्रवेशासाठीची गणिताची परीक्षा तेरा वर्षांखालच्या हुशार मुलामुलींना दिली गेली, तेव्हा ७०० च्या वर गुण मिळवणाऱ्यांत एका मुलीमागे तेरा मुलगे होते. यावर ‘हा निसर्गाचाच भेद’ असं ठासून सांगितलं गेलं. पुढच्या काही दशकांत हेच प्रमाण एकास चारच्याही खाली आलं. निसर्ग एवढ्या घाईने बदलत नाही. फरक सगळा समाजाचाच आहे असं मी म्हणणार नाही. आकृती मनात फिरवून बघण्यासारख्या काही कसोट्यांवर मुलांची सरासरी आजही जास्त येते. पण अशा कसोट्यांवरही परिसराचा हात दिसतो. ईशान्य भारतात शेजारी राहणाऱ्या दोन समाजांत २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास झाला होता. चार ठोकळे जुळवून घोड्याचं चित्र पुरं करायचं, एवढंच काम. पितृवंशीय कारबी समाजात बायकांना पुरुषांपेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त वेळ लागला. मातृवंशीय खासी समाजात, जिथे मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते, फरक जवळजवळ दिसलाच नाही. जर्मनीतही तसंच. पूर्व जर्मनीत आईने पूर्णवेळ नोकरी करणं ही रीत होती, पश्चिमेत नव्हती. देश एक झाल्यानंतरही पूर्वेकडच्या भागांत मुलामुलींमधली गणितातली दरी पश्चिमेपेक्षा कमी राहिली.

मुलामुलींच्या मनात हा भेद कधी शिरतो? १९६६ ते १९७७ दरम्यान ४,८०७ मुलामुलींना ‘शास्त्रज्ञाचं चित्र काढा’ असं सांगितलं होतं. स्त्री शास्त्रज्ञ काढली फक्त २८ जणांनी, आणि त्या सगळ्या मुलीच होत्या. एकाही मुलग्याने बाई काढली नाही. अलीकडच्या अशा चित्रांमध्ये सुमारे एक तृतीयांश बायका दिसतात. पण २०१७ चा एक अभ्यास अस्वस्थ करतो: पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ माणूस आपल्यातलाच असेल असं मुलांइतक्याच सहज मानतात, सहाव्या-सातव्या वर्षी मात्र त्यांचा हा विश्वास उतरू लागतो. आणि नेमक्या याच वयात शाळेतले चांगले गुण कोणाला मिळतात, असं विचारलं तर त्या मुलींकडेच बोट दाखवतात. गुण मेहनतीचे, बुद्धी दुसऱ्याची! हे वाचून मला खरोखर वाईट वाटतं.

घरातला वेळही हिशेबात धरायला हवा. युनिसेफच्या २०१६ च्या अहवालानुसार ५ ते १४ वयाच्या मुली जगभरात मुलांपेक्षा ४० टक्के जास्त वेळ बिनपगारी घरकामात घालवतात. एक सावधगिरी मात्र पाळावी. परीक्षेआधी ‘मुलींना गणित जमत नाही’ याची नुसती आठवण झाली तरी मुलींचे गुण घसरतात, ही कल्पना नव्वदच्या दशकापासून फार लोकप्रिय आहे. पण नेदरलँड्समध्ये दोन हजारांवर विद्यार्थ्यांवर केलेल्या, २०१८ च्या काटेकोर अभ्यासात तो परिणाम आढळला नाही. त्या कल्पनेचा पुरावा ठाम विधानं करण्याइतका पक्का नाही.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे लक्ष कमी गेलं. २००० साली ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी पहिल्यांदा झाली, तेव्हा सहभागी झालेल्या प्रत्येक देशात पंधरा वर्षांचे मुलगे वाचनात मुलींच्या मागे होते. २०२२ मध्ये विकसित देशांची सरासरी पाहिली, तर गणितात मुलगे ९ गुणांनी पुढे आणि वाचनात मुली २४ गुणांनी. आनंदासाठी वाचणं मुलग्यांमध्ये कमी, गृहपाठाला दिलेला वेळही कमी. शिवाय इस्रायलमध्ये एकाच विषयाचे निनावी तपासलेले पेपर आणि ओळखीच्या शिक्षकांनी दिलेले गुण शेजारी ठेवले, तेव्हा शिक्षकांकडून मुलग्यांना तुलनेने कमी गुण मिळत असल्याचं दिसलं. ‘मुलगे असतातच दांडगे’ म्हणून हे सोडून देणं हा मला त्यांच्यावरचा अन्याय वाटतो. क्लार्क यांनी मुलींबाबत जे केलं त्याच जातीचा. नॉर्वेच्या सरकारने या प्रश्नासाठी २०१७ साली स्वतंत्र समिती नेमली. २०१९ च्या तिच्या अहवालातली एक शिफारस अशी होती, की सगळ्यांना एकाच वयाला शाळेत न बसवता प्रत्येकाची तयारी बघून प्रवेशाचं वय थोडं मागेपुढे करता यावं.