मिंधेपण (विद्यार्थ्यांच्या जेवणाचे)

दुसऱ्याच्या अन्नावर शिकावे लागते याचा कॉलेजातल्या मुलामुलींना वाटणारा संकोच, आणि तो वाटायला लावणारी भोवतालची नजर. कोकण किनाऱ्यावर त्याला वेगळे नाव नाही. ‘मिंधं होणं’ हाच रोजचा शब्द. हा संकोच बहुधा अन्नाचा नसतो, बघणाऱ्याचा असतो. गणपतीपुळ्याला दुपारच्या खिचडीच्या प्रसादासाठी खुशाल रांग धरणारा मुलगा सरकारी स्वस्त थाळीच्या शिवभोजन केंद्राबाहेर वर्गमित्र दिसला की रस्ता ओलांडतो.

जुन्या काळी या पट्ट्यातली गरीब ब्राह्मण मुले शिकायला बाहेर पडली की माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. माधुकरी म्हणजे मधमाशीप्रमाणे घरोघरी थोडे थोडे शिजलेले अन्न गोळा करणे. वार म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाण्यावर भागवायचे. या भिक्षेला शास्त्राचा मान होता. मुंजीतली भिक्षावळ तर आजही लाडवांसकट थाटात होते, फोटोही काढले जातात. तरी वारावर जेवणाऱ्याला आपली पायरी ताटात काय पडते त्यावरून कळे. शिवाय ही सोय जातीपुरती होती. कुळवाडी, भंडारी, महार मुलांना ते दार नव्हतेच. बहुजन मुलांच्या राहण्याजेवणाची मोठी खटपट घाटावर झाली: शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून कोल्हापुरात उभी राहिलेली वसतिगृहे, नंतर भाऊराव पाटलांची साताऱ्यातली.

आज पहिली ते आठवी शाळेत पोषण आहार मिळतो. सगळा वर्ग एका ओळीत बसतो, म्हणून लाजायचे कारण नसते. नववीत ती खिचडी सुटते, आणि कॉलेजात तसले काही नाहीच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य ठरले; पण मुलगी रत्नागिरीत खोली घेऊन राहिली तरी तिचा वाटा गावच्या रेशन दुकानावरच नोंदलेला राहतो. अंगठा लावून तो दुसरीकडे उचलता येतो खरा, मात्र खोलीवर चूल हवी आणि पिशवी घेऊन उभे राहायची तयारीही.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून मिळू लागली: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भाताची मूद. ती कोणालाही मिळते, विद्यार्थी असण्याची अट नाही. बोगस नोंदी टाळण्यासाठी जेवणाऱ्याचे नाव आणि फोटो ॲपवर घेण्याची पद्धत आली. मुंबईत त्याचे कोणाला काही वाटणार नाही. तालुक्याच्या गावात मात्र वाढणारी बाई आईच्या ओळखीची निघते आणि विचारते, ‘‘तू अमक्याचो झील (मुलगा) मा रे?’’ त्या प्रश्नानंतर मुलगा परत येत नाही.

मुंबईच्या मनीऑर्डरवर पिढ्यान्‌पिढ्या घर चालवलेल्या कोकणात ‘आमच्याकडे कमी आहे’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. पेज पिऊन पहाटेची एसटी पकडलेला मुलगा दुपारी विचारले तर ‘‘माका भूक नाय, घराकडसून खाऊन इलंय’’ म्हणतो आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत एका वडापाववर काढतो. डबा असला तरी सुटका नाही: भाकरीबरोबर सुका जवळा असेल तर वासाच्या भीतीने झाकण अर्धेच उघडले जाते.

स्वाधार किंवा पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता यांसारख्या सरकारी योजनांचे पैसे थेट बँक खात्यात येतात. ते कोणाला दिसत नाहीत, म्हणून ते घ्यायला मुले फारशी कचरत नाहीत. ‘कमवा व शिका’तले जेवणही कोणी मिंधे मानत नाही, कारण त्यात घाम गाळलेला असतो. भत्त्याचा हप्ता लांबला की मात्र खाणावळीत उधारी सुरू होते, आणि उधारीची वही गल्ल्यावर सगळ्यांसमोर उघडते.