केटीएमची नादारी (२०२४–२५)

ऑस्ट्रियातील केटीएम ही युरोपातील सर्वांत मोठी मोटरसायकल उत्पादक कंपनी. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी तिने रीड इम इनक्राइस येथील न्यायालयात नादारीच्या, म्हणजे देणी फेडता न येण्याच्या, कायद्याखाली पुनर्रचनेसाठी अर्ज केला. सुटे भाग बनवणारी आणि संशोधन करणारी अशा तिच्या दोन उपकंपन्याही सोबत होत्या. वर्षभरापूर्वीच, २०२३ मध्ये, मूळ समूह पियरर मोबिलिटीने ३,८१,५५५ मोटरसायकली विकल्याचे जाहीर केले होते. तो विक्रमी आकडा होता. या कोसळण्याचे कारण शोधताना याच आकड्यापाशी थांबावे लागते.

कंपनीवर ही वेळ पहिल्यांदा आलेली नव्हती. हान्स ट्रुंकेनपोल्झ यांनी १९३४ मध्ये माटिगहोफेन या छोट्या गावी दुरुस्तीची कार्यशाळा काढली. मोटरसायकलींचे उत्पादन १९५३ मध्ये सुरू झाले, आणि त्याच सुमारास अर्न्स्ट क्रोनराइफ भागीदार झाले. दोघांची आडनावे आणि गावाचे नाव यांच्या आद्याक्षरांतून केटीएम हे नाव आले. डिसेंबर १९९१ मध्ये कंपनी बुडाली आणि तिचे तुकडे झाले. मोटरसायकलींचा भाग स्टेफान पियरर यांनी घेतला. सायकलींचा भाग तेव्हापासून स्वतंत्र आहे, त्यामुळे २०२४ च्या घटनांशी केटीएम सायकल कंपनीचा काही संबंध नाही.

पियरर यांनी मोडीत निघालेल्या कारखान्यातून जे उभे केले ते खरोखर मोठे होते. २००१ पासून २०१९ पर्यंत डकार रॅली या लांब पल्ल्याच्या खडतर शर्यतीत मोटरसायकल गटाची एकही स्पर्धा केटीएमने हरली नाही. २००७ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने १४.५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढे तो वाढवत नेला. चाकणच्या कारखान्यात लहान क्षमतेच्या ड्यूक मोटरसायकली तयार होऊ लागल्या. २०१२ मध्ये ड्यूक २०० भारतात आली आणि जानेवारी २०२३ पर्यंत चाकणमध्ये दहा लाख केटीएम बनल्या. दरम्यान समूहाने हुस्कवर्ना आणि गॅसगॅस हे ब्रँड घेतले, विजेच्या सायकलींच्या धंद्यात उडी मारली आणि इटलीच्या एमव्ही अगुस्तात आधी २५.१ व नंतर ५०.१ टक्के हिस्सा घेतला.

करोनाच्या काळात दुचाकींची आणि सायकलींची मागणी अचानक वाढली. माल मिळत नव्हता, ग्राहक थांबून राहत होते. ही लाट ओसरणार हे ओळखून उत्पादन आवरायला हवे होते. केटीएमने ते वेळेत आवरले नाही. व्याजदर चढले, युरोप आणि अमेरिकेत लोक महागडी खरेदी पुढे ढकलू लागले, तरी गाड्या तयार होतच राहिल्या. कारखान्याच्या दारातून गाडी डीलरकडे गेली की हिशेबात ती विक्री धरली जाते. ती शोरूममध्येच उभी राहिली तरी आकडा वाढलेलाच दिसतो. डीलरांना पैसे भरायला अधिक मुदत देऊन माल पुढे सरकवला गेला, म्हणजे तो पडून राहण्याचा खर्च कंपनीच उचलत राहिली, आणि तोही कर्ज काढून. नादारीच्या सुमारास जगभर मिळून सुमारे २,६५,००० गाड्या न विकता पडून असल्याचे समोर आले. २०२३ च्या विक्रमातला बराच भाग अजून रस्त्यावर उतरलेलाच नव्हता, असे म्हणणे भाग आहे.

ताळेबंदात हे स्पष्ट दिसते. २०२३ अखेर समूहाचे निव्वळ कर्ज सुमारे ७८ कोटी युरो होते. २०२४ च्या मध्यापर्यंत ते १४७ कोटींच्या आसपास गेले. त्याच सहामाहीत १७.२ कोटी युरोंचा तोटा झाला. जपानी कंपन्यांची स्पर्धा, युरोपातील मंदी, चढे व्याज ही कारणे खरी आहेत. पण तीच परिस्थिती इतर युरोपीय उत्पादकांनाही होती आणि ते टिकले. फरक पडला तो कर्जावर रचलेल्या विस्ताराने आणि साचलेल्या मालाने.

ऑस्ट्रियाच्या कायद्यात व्यवस्थापनाच्या हातीच कारभार ठेवून पुनर्रचना करण्याची सोय आहे. न्यायालयाने नेमलेला प्रशासक देखरेख ठेवतो, धनकोंना, म्हणजे ज्यांचे देणे आहे त्यांना, किमान ३० टक्के रक्कम दोन वर्षांत देऊ करावी लागते आणि या योजनेवर ९० दिवसांत मतदान व्हावे लागते. केटीएमने हाच मार्ग धरला. कामगारांचे नोव्हेंबरचे पगार आणि नाताळचा बोनस कंपनीने दिला नाही. अशा वेळी देशाचा नादारी-वेतन निधी कामगारांचे पैसे भरतो, म्हणून त्या कुटुंबांना आधार मिळाला. पुरवठादारांसाठी असा निधी नव्हता. माटिगहोफेनच्या पंचक्रोशीतील कित्येक छोटे कारखाने केटीएमच्या ऑर्डरींवर उभे होते, आणि त्यांची बिले एका दिवसात धनकोंच्या यादीत गेली. या प्रकरणाच्या चर्चेत बँका आणि भागधारक फार येतात, हे छोटे कारखानदार फार कमी.

१३ डिसेंबरला उत्पादन थांबले. जानेवारीत, कारखाना बंद असताना, डॅनियल सँडर्स यांनी केटीएमवर डकार जिंकली. त्याच महिन्यात पियरर मुख्य कार्यकारी पदावरून दूर झाले आणि गॉटफ्रीड नॉयमायस्टर त्या जागी आले. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी धनकोंनी ३० टक्के एकरकमी घेण्याची योजना मान्य केली. उरलेल्या ७० टक्क्यांवर पाणी सोडावे लागले. ही रक्कम २३ मेपर्यंत जमा करायची होती. नुसत्या ३० टक्क्यांसाठीच सुमारे ५५ कोटी युरो लागत होते, यावरून देण्यांचा आकार लक्षात येतो.

१७ मार्चला कारखाना पुन्हा सुरू झाला आणि एप्रिलअखेर सुट्या भागांअभावी परत बंद पडला. ज्यांची ७० टक्के बिले बुडणार होती, त्यांच्याकडूनच नवे भाग हवे होते. पुरवठादार सावध झाले यात नवल नाही. उत्पादन नीट सुरू व्हायला जुलैअखेर उजाडली.

पैसे अखेर बजाजच्या मुख्यालयातून, आकुर्डीहून आले. बजाजने आधी दिलेले २० कोटी धरून एकूण ८० कोटी युरोंची सोय मे २०२५ मध्ये, मुदत संपता संपता जाहीर केली. न्यायालयाने जूनमध्ये योजनेवर शिक्कामोर्तब केले. युरोपीय मंजुरीनंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये पियरर यांच्याकडचा हिस्सा बजाजकडे गेला आणि पियरर मोबिलिटीचे नाव बजाज मोबिलिटी झाले. एमव्ही अगुस्ता आधीच्या मालकांकडे परतली, विजेच्या सायकलींचा धंदा गुंडाळला गेला. मुख्यालय ऑस्ट्रियातीलच वेल्स शहरातून माटिगहोफेनला हलवण्याचा निर्णय झाला.